मका मान वर करण्याआधी

प्रिय डोरीन,

तुझ्या घराच्या वळणावर, तुझ्या टपालपेटीजवळ गाडी उभी करून हे लिहिते आहे. आत येऊन तोंडानं सांगायची हिंमत होत नाही, म्हणून कागद. बुधवारी तुझ्या स्वयंपाकघरात मला मिठी मारून तू म्हणालीस, "नुसता वारा होता गं, ग्रेटा. वाऱ्यासाठी भोंगा कोण वाजवणार?" त्या एका वाक्याच्या आधारानं तू उभी होतीस. मी मान हलवली.

आज सकाळपासून मी तुमच्या शेतावर होते. मंगळवारी संध्याकाळी ज्यानं शेडचं दार उखडून तुझ्या वडिलांच्या, लॅम्बर्टकाकांच्या अंगावर घातलं आणि त्यांचा जीव घेतला, तो सरळ वारा होता की गरगर फिरणारा टोर्नेडो, हे बघायला आमच्या हवामान कार्यालयातून कोणाला तरी जायचंच होतं. मीच जाते म्हटलं. वारा असेल तर दोष कोणाचाच नाही. टोर्नेडो असेल तर आमच्याकडून इशारा जाऊन गावातला भोंगा वाजायला हवा होता, आणि तो वाजला नाही.

पडलेली झाडं कुठे तोंड करून पडलीत, हे पाहायचं असतं. सगळी एकाच दिशेला असली तर वारा. पण बघायला झाडं होती कुठे? घरामागची सीडरची अख्खी रांग कापून, रचून, जाळूनही झाली होती. शेजारचा एल्डन राखेपाशी उभा होता. "शनिवारी मातीला माणसं येणार. लॅम्बर्टचं अंगण असं ठेवायचं का आम्ही? अकरा करवती होत्या बघ! दुपारच्या आत लख्ख! बायकांनी जॅम भरलेले गोड कोलाचे आणले, ते मात्र तुला उरले नाहीत." त्याला दोष कसा देणार? कोणावर वेळ आली की न बोलावता करवत घेऊन जायचं, हीच आपली रीत. माझे वडील गेले तेव्हा लॅम्बर्टकाकाच सगळ्यांच्या आधी आले होते. साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "खुणा नसतील तर वारा लिही आणि परत ये." खरं सांगते डोरीन, मला हायसं वाटलं. स्वतःची लाज वाटावी इतकं हायसं वाटलं.

गाडीकडे येताना शेडमागच्या मक्याकडे लक्ष गेलं. तिथे करवत घेऊन कोण जाणार? कमरेएवढा मका आडवा झाला होता. दक्षिणेकडची धाटं उत्तरेला वाकलेली, उत्तरेकडची दक्षिणेला, आणि दोन्हींची तोंडं मधल्या एका पट्ट्याकडे. वारा असं करत नाही. पट्टा तुमच्या शेडपासून सुरू होत होता. मी पावलांनी मोजला, सहाशे लांब आणि चाळीस रुंद. सगळ्यात खालच्या प्रतीचा, दुबळा टोर्नेडो, जेमतेम दोन मिनिटांचा. कोवळा मका चिवट असतो. काही धाटांचे शेंडे आत्ताच उचलायला लागले होते, अजून दोन दिवसांत सगळं रान पुन्हा उभं राहिलं असतं. मी बांधावर बसून राहिले. काही न करता नुसती निघून गेले असते तरी चाललं असतं.

तुला आठवतं ना, मे महिन्यात दोनदा भोंगा वाजला, गाव जीव वाचवायला तळघरात उतरलं आणि पानही हललं नाही? कॅफेत माझी केवढी टर उडवली होती. "काय ग्रेटा, आज जेवण वर की तळघरात?" त्यात लॅम्बर्टकाका सगळ्यांच्या पुढे. "पोरी, तुझ्या भोंग्यापायी माझा रस्सा गार होतो!" मीही हसले, पण ते मनात कुठेतरी जाऊन बसलं. आणि चेष्टा करायचे तरी दोन्ही वेळा ताट उचलून तळघरात गेले होते ते. तूच सांगितलंस मला.

मंगळवारी पावणेसातला रडारच्या पडद्यासमोर मी होते, डोरीन. तुमच्या शेतावर ढग किंचित फिरताना दिसला, एकदाच. इशारा लिहून तयार होता, बटणावर बोट होतं. पुन्हा सगळे हसतील असं मनात आलं आणि पुढचं चित्र येईपर्यंत थांबले. पुढच्या चित्रात काहीच नव्हतं. तेवढ्यात काका शेडचं दार लावायला बाहेर पडले होते. मक्याचे फोटो मी पाठवले आहेत. अहवालात लिहिलं आहे, टोर्नेडो, इशारा दिला नव्हता. उद्या सकाळी तो जाहीर होईल. त्यात माझं नाव नसेल, म्हणून तुला हे पत्र. भोंगा वाजला असता तर काका कुरकुरत, ताट घेऊन खाली गेले असते. पत्र पेटीत टाकून मी इथेच गाडीत बसते आहे. तू बाहेर आलीस तर जे बोलशील ते ऐकून घेईन. नाही आलीस, तर शनिवारी मी दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभी राहीन, आत येणार नाही.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
ग्रेटा