रेघेपर्यंत न पोचलेली बोटं

मंगळवार, ११ मार्च

अन्याय सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी झाला. वेळ आधी लिहिते. वेळ नसलेल्या तक्रारीला आमच्या विभागात कुरकुर म्हणत. आणि टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात मी निवृत्तीपर्यंत बसले आहे, तेव्हा हे मला कुणी शिकवू नये.

हॉटेलचा पहिला मजला, लांबट हॉल. विमानात कामाला घ्यायच्या मुलींची निवड. (हवाई सुंदरी म्हणायचं नाही. केबिन क्रू म्हणायचं. नाहीतर बारकी डोळे फिरवते.) मी खाली लॉबीत, ज्यात रुतून बसलं की उठता येत नाही अशा खुर्चीत. बारकी — माझी भाची, बहीण गेल्यापासून माझ्याकडेच — जिन्यावरून उतरली ती बूट हातात घेऊन. अनवाणी, त्या गुळगुळीत फरशीवर!

"नाही पोचले," म्हणाली. बस्स. एवढंच.

तिथे भिंतीवर एक रेघ असते. बूट काढायचे, टाचा उचलायच्या, हात वर करायचा. बोटं रेघेला लागली पाहिजेत, कारण विमानात वरच्या कप्प्यातलं सामान वेळेला हाती यावं लागतं. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. पण स्वयंपाकघराच्या चौकटीवर मी तीच उंची मोजून पेन्सिलची रेघ मारली आहे, आणि बारकी तिच्या दोन बोटं वर जाते. रोज सकाळी, चहाच्या आधी, माझ्या डोळ्यांदेखत.

म्हणजे त्यांची रेघ चुकली आहे. दुसरं काय?

बुधवार, १२ मार्च

तक्रारीचा मसुदा केला. घटना, वेळ, मागणी, मुदत. मागणी: पुन्हा मोजा, माझ्यासमोर.

बारकीला तपशील विचारले. मोजलं कुणी? एक बाई होत्या. बोटं किती खाली राहिली? लक्ष नव्हतं. लक्ष नव्हतं! वर म्हणते, जाऊ दे ना मावशी. मी फोन करून बोलते हवं तर, असंही म्हणाली.

फोन! तोंडी तक्रार करणाऱ्याला आम्ही पाणी द्यायचो, मान हलवायचो, आणि तो जिना उतरायच्या आत विसरायचो. कागद आला की मात्र —

"— फाईल उघडते, आणि फाईल उघडली की उत्तर द्यावंच लागतं," बारकीनं भांडी विसळता विसळता माझं वाक्य पुरं केलं. लहानपणापासून ऐकत आली आहे. पाठ आहे तिला.

गुरुवार, १३ मार्च

बारकीनं अर्ज केलेल्या दोन्ही विमानकंपन्यांचं जेवताना पुन्हा एकदा मांडून दाखवलं. तिनं हिंमत सोडू नये म्हणून.

थोरली — जिनं आपल्याला नाकारलं ती. परदेशात राहायचं. कंपनीची इमारत, एका खोलीत दोघी. दाराशी वही, आत-बाहेर सही. पाहुणा वर येत नाही. उड्डाणाआधी ठरल्या वेळी खोलीत. पहिली काही वर्षं लग्न नाही. आजारी आहे म्हटलं की कंपनीचा डॉक्टर दारात, खरंच आजारी आहे का बघायला. मला यात एकही गोष्ट खटकत नाही. आमच्या बोर्डिंगात याहून कडक होतं आणि आम्ही सगळ्या ताठ कण्याच्या निघालो.

धाकटी — इथलीच. छोटी विमानं, बहुतेक रात्री घरी. पण पगाराचा तास सुरू होतो तो विमानाचं दार लागल्यावर. त्याआधी दाराशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हसायचं, ते फुकट. आणि लोक उतरले की सीटांच्या फटींतले खरकटे रुमाल या मुलींनीच उपसायचे. मी म्हटलं, कचराच काढायचा तर तेवढ्यासाठी ढगांत कशाला जायचं, आपल्या जिन्यात भरपूर आहे.

बारकी हसली. पूर्वीही दोन-तीनदा "पण धाकटी..." असं तिनं सुरू केलं होतं. पुढे बोलता आलं नाही. मुद्देच नव्हते तिच्याकडे.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरची आली. ही थोरलीतच होती पूर्वी. सोडून आली, आता पोरांना पोहायला शिकवते. म्हणाली, माझी आई एवढा प्रवास करून आली आणि तिला माझी खोलीसुद्धा बघता आली नाही, खाली बाकावर बसून भेटलो आम्ही. मी म्हटलं, आमच्या मदर सुपीरियर तर आईवडलांना फाटकाशीच थांबवायच्या.

"तुम्ही तेव्हा दहा वर्षांच्या होतात, काकू," ती म्हणाली.

उद्धट नाही ती. पण बारकी हल्ली तिच्याकडे फार जाते.

शुक्रवार, १४ मार्च

तक्रार थोरलीच्या कचेरीत नेऊन दिली. पोच घेतली. पोच द्यायला कुरकुरत होता काउंटरवरचा. मी तिथेच उभी राहिले, मग दिली. मुदत मंगळवार.

रविवार, १६ मार्च

उत्तर नाही.

सोमवार, १७ मार्च

उत्तर नाही. सकाळी बारकी चौकटीशी आलीच नाही. आता कशाला, म्हणाली. ओलं फडकं घेऊन रेघ पुसायला निघाली होती. मी मनगट धरलं. पुरावा आहे तो!

मंगळवार, १८ मार्च

मुदत आज संपते, म्हणून स्वतः गेले. आज दुसऱ्या मुलींची निवड होती, हॉल तोच. पिशवीत शिवणाची टेप.

ती मोजणारी बाई मला वाटलं तशी नव्हती. हाकलून देईल म्हणून मी चार वाक्यं तयार ठेवली होती, ती वायाच गेली. माझा कागद तिच्या हातात होता. म्हणाली, मोजा ना. एवढंच नाही, तो घट्ट स्कर्ट सावरत स्वतः गुडघ्यावर बसली आणि टेपचं खालचं टोक जमिनीशी धरलं.

रेघ बरोबर आहे. केसाइतकाही फरक नाही. चष्मा पुसून पुन्हा मोजली. बरोबर आहे.

मी टेप गुंडाळत होते तेव्हा ती हळूच म्हणाली, "आठवते मला तुमची भाची. टाचा उचलल्याच नाहीत तिनं. मी दोनदा सांगितलं, उचल. तर म्हणाली, उचलल्यात."

मी म्हटलं, शक्य नाही. आणि निघाले. रस्त्यात एका माणसानं थांबवून सांगितलं, बाई, तुमची टेप लोंबतेय. पिशवीतून जमिनीपर्यंत लोंबत होती, कुठपासून कोण जाणे.

घरी बारकीनं विचारलं, काय झालं? म्हटलं, रेघ बरोबर आहे. घास हातातच राहिला तिच्या.

बुधवार, १९ मार्च

मी तोंड उघडत नाही म्हणून खालची दोनदा वर येऊन बघून गेली, बरी आहे ना मी.

गुरुवार, २० मार्च

चहाच्या आधी बारकी चौकटीशी उभी राहिली, अनवाणी. टाचा उचलल्या. बोटं रेघेच्या वर, दोन बोटं. मग टाचा टेकवल्या. बोटं रेघेच्या खाली आली.

"तिथे असं केलं," म्हणाली. "धाकटीनं घेतलंय मला. मी हो कळवलंय. तुला सांगायला तीनदा आले होते मावशी, तिन्ही वेळा तू जिंकलीस."

मी तोंड उघडलं, तर तिनं हात वर केला.

"तोंडी नको. मी जाणारच आहे. रागावून पाठवतेस की नीट पाठवतेस, तेवढं लिहून दे. शनिवारी दुपारी बारापर्यंत."