दारापर्यंतची वाटी

३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहितेय, याचं कारण तुला ठाऊक आहे. फोनवर तू ओरडतोस, मी रडते आणि मुद्दा राहतो बाजूला. शिवाय फोन आईच्या खोलीत आहे, आणि बाकी सगळं थकलं तरी तिचे कान अजून तिखट आहेत.

मुद्दा असा की इथे आल्यापासून आईचं जेवण कमी कमीच होत गेलं, आणि या तापानंतर ती जेवतच नाही. ताप गेला, छाती मोकळी झाली, आता फक्त खायला घाला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. पण ती घास गालात धरून बसते आणि माझी पाठ वळली की रुमालात काढते. सूप झालं, खीर झाली, मऊ भात झाला, अंडी झाली. मनगटातली बांगडी आता कोपरापर्यंत सरकते. काल बाईंनी स्पष्ट सांगितलं की बारा तारखेला त्या पुन्हा येतील, आणि तोवर ती स्वतःहून खायला लागली नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. या वयात एकदा घातलेली नळी पुन्हा निघेल का, असं विचारलं तर त्यांनी बॅग उचलली. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

परवा डुलकीत ती बेटावरच्या आपल्या अंगणाबद्दल काहीतरी पुटपुटत होती. म्हणून ठरवलंय, तिचा तो नारळाच्या दुधातला माशांचा रस्सा करायचा. वास अजून नाकात आहे, पण त्यात काय काय पडायचं ते आठवत नाही. मी जेवणाच्या टेबलाशी पुस्तकात डोकं घालून असायचे आणि तू आईच्या स्टोव्हभोवती घुटमळायचास. मला आठवतं ते एवढंच, की त्यात डोळे मिटायला लावणारं काहीतरी आंबट होतं, दाताखाली कुरकुरीत काहीतरी यायचं आणि तळाशी रश्श्यात भिजलेला गोडसर पाव असायचा. सगळं नीट लिहून पाठव. वहिनीलाही विचार, आई तिच्या हाताखाली (की ती आईच्या हाताखाली?) इतकी वर्षं होती.

राग असू दे, पण उत्तराला उशीर करू नकोस.

तुझी,
ताई


५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वाचून आधी घाबरलो, आणि मग तुझा राग आला, तो सांगून मोकळा होतो. छाती दाखवून आणते, लगेच परत पाठवते, असं सांगून तू तिला नेलंस. त्या गोष्टीला आता आठ महिने होतील. इथे ती ओट्यावर बसली की येणारा-जाणारा थांबून बोलायचा. तिथे तिला कोण आहे? तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी आणि दिवसभर कचेरीत असलेली तू.

रश्श्याचं सांगतो. आधी कांदा, पण लाल करायचा नाही, नुसता घाम फुटेपर्यंत परतायचा. मग आलं ठेचून, हळद, हिरवी मिरची उभी चिरून. पातळ दूध आधी, त्यात मासा, आणि मासा शिजला की जाड दूध. ते घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर फाटतं. मीठ शेवटी. बस्स. त्यात आंबट काही नव्हतं, कुरकुरीत काही नव्हतं, आणि पाव तर आपल्या घरी कधी भाजलाच गेला नाही. पुस्तकं वाचून वाचून तुझी जीभसुद्धा गोष्टी रचायला लागलेली दिसते. तुझी वहिनीही हेच म्हणते, आणि हसते.

करून बघ. पण मी दहा तारखेच्या बोटीने येतोय. कारखान्यात दोन होड्यांची इंजिनं उघडून पडलीत, ती तशीच राहतील. तिला घेऊनच परतणार. मला अडवू नकोस.

लोभ आहे म्हणूनच भांडतो, हे विसरू नये.

तुझा,
बारक्या


७ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस तसाच केला. दूध फाटू दिलं नाही. वासावर आई स्वतःहून उठून बसली रे! गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा. मी हात धुऊन, पातेलं तिच्या पलंगाशी नेऊन, मोठी वाटी काठोकाठ भरून तिच्यापुढे ठेवली. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

तिने वाटीत पाहिलं. मग माझ्या हातातला डाव घेतला आणि अर्धा रस्सा परत पातेल्यात ओतला. मला वाटलं, घाबरली एवढं पाहून, ठीक आहे, अर्धं तर अर्धं. पण तिने चमचा उचललाच नाही. दाराकडे बघत बसली. मी म्हटलं, आई, निवतंय. तिने हाताने मला थांबवलं. रस्सा निवला, वर साय धरली, तरी ती दाराकडेच बघत होती. शेवटी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती भिंतीकडे तोंड करून निजली. ती तुझी वाट बघत असणार, दुसरं काय? मी राबतेय आणि ती तुझ्यासाठी दार बघतेय. लिहिताना वाईट वाटतंय, पण वाटतंय ते लिहिते.

तरीही हात जोडते, तिला न्यायला येऊ नकोस. डॉक्टरीणबाईंना विचारलं. या अशक्तपणात बोटीचा हेलकावा ती सोसणार नाही, वाटेतच काही झालं तर जबाबदारी कुणाची, असं त्या म्हणाल्या. त्यातून समोरच्या दारातल्या शिलाईवालीचं यंत्र दिवसभर खडखडतं, आईला झोप नाही. मी इमारतीच्या व्यवस्थापकाकडे तक्रार केली, तेव्हापासून ती बाई जिन्यात भेटली की मान फिरवते. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही, पण मान फिरवणं कळतं.

आता तू तरी शहाण्यासारखा वाग.

काळजीत असलेली,
ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कारखान्यात वाचलं, ग्रीसने भरलेल्या हातांनी. वाचून तिथेच एका उपड्या होडीवर बसलो. ताई, आई माझी वाट बघत नव्हती. ती वाट्यांची वाट बघत होती.

अगं, आपल्या अंगणात चार घरं होती, चार वेगवेगळ्या किनाऱ्यांवरून आलेली. घरटी एक छोटा स्टोव्ह, आणि रॉकेल मोजून मिळायचं. म्हणून प्रत्येक घर एकच पदार्थ शिजवायचं. आईचा रस्सा. होडीवाल्या सुताराच्या बायकोचं कच्च्या फळाचं आंबट. जाळी विणणारीच्या घरचे तळलेले मासळीचे तुकडे. आणि भट्टीवाल्याचा पाव. प्रत्येकीने आपल्या माणसांच्या वाट्या अर्ध्याच भरायच्या, कारण उरलेली जागा बाकीच्या तिघींची. वाट्या घेऊन त्या दारातून या दारात पळायचो मी. सगळ्या वाट्या फिरून येईपर्यंत चारही घरांत कुणी घास उचलायचं नाही. तू टेबलाशी पुस्तक घेऊन बसलेली असायचीस, तुझ्यापुढे सगळं एकत्र होऊनच यायचं. तुझी जीभ खोटं बोलत नव्हती. मलाच कळलं नाही. तू आईचा रस्सा विचारलास, मी आईचा रस्सा सांगितला.

माझ्याकडे असताना ती जेवायची, कारण सुताराची म्हातारी अजून रोज काहीतरी घेऊन दारात येते. तिला जाऊन सांगितलं, तर आधी हसली आणि मग पदराने डोळे पुसत बसली. आंबट करून देते म्हणाली, पण बोटीत ते टिकायचं नाही.

मी उद्या येत नाही. तुझ्या डॉक्टरीणबाईंचं ऐकतो. पण तू एक कर. वाटी घे आणि समोरच्या दाराशी जा. हो, त्याच दाराशी. आणि वाटी अर्धीच भर. लाज वाटेल, तरी अर्धीच.

इथे सगळ्यांचा जीव तुझ्या हातात आहे.

तुझा,
बारक्या


१२ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज सकाळी हातात पडलं, आणि डॉक्टरीणबाई दुपारी यायच्या होत्या. कचेरीला दांडी मारली, मासा आणला, रस्सा केला. अर्धी वाटी घेऊन समोरचं दार वाजवलं. शिलाईवालीने दार उघडलं, गळ्यात मोजपट्टी, दातांत दोन टाचण्या. तिने माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. तक्रार करणारी बाई अर्धी वाटी घेऊन आलीय, हे तिला कसं दिसलं असेल, तूच विचार कर. मी आईच्या खोलीकडे बोट दाखवलं, वाटीतल्या रिकाम्या जागेकडे दाखवलं, हात जोडले. तिने वाटी घेतली आणि दार लावलं. काही कळलं की नाही, देव जाणे.

डॉक्टरीणबाई ठरल्याप्रमाणे आल्या. बॅगेतून नळीचं पाकीट काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि हात धुवायला गेल्या. आईपुढे मी वाटी ठेवली, या वेळी अर्धीच. ती दाराकडे बघायला लागली. मी दार सताड उघडून ठेवलं होतं, आणि समोरचं दार बंदच होतं. यंत्राचा आवाजही थांबला होता. मला वाटलं, संपलं. बाई हात पुसत आल्या. थोडं थांबा म्हटलं, तर त्या म्हणाल्या की किती थांबायचं.

आणि समोरची कडी वाजली रे! शिलाईवाली सरळ आत आली, माझ्याकडे न बघता. माझ्याच वाटीत तिने काहीतरी आणलं होतं, भोपळ्यात शिजवलेला मऊ भात, वर तळलेला कांदा. तिने तो आईच्या वाटीतल्या रिकाम्या जागेत ओतला. आईने मान हलवली, जशी ती अंगणात तू वाट्या घेऊन आलास की हलवायची. चमचा उचलला. गिळला. मी गालाकडे बघत होते, गाल रिकामा होता. दुसरा घेतला. कुरकुरीत कांदा दाताखाली आला तेव्हा तिने डोळे मिटले. डॉक्टरीणबाईंनी पाकीट उचलून बॅगेत टाकलं आणि शेवटपर्यंत उभ्याच राहिल्या. मी मोरीत जाऊन मनसोक्त रडले.

नंतर मी तो भात चाखून पाहिला, तुला म्हणून सांगते, अळणी होता.

तू ये, आता खुशाल ये. न्यायचं कधी ते ती अंगाने भरल्यावर तिलाच विचारू, मी अडवणार नाही. शिलाईवाली आणखी भात ठेवून गेलीय, तिच्या स्वतःच्या भांड्यात. ते भांडं आईने रिकामं करून उशाशी ठेवलंय. मी घासायला मागितलं तर देईना. रिकामं परत पाठवायचं का, असं मलाच रागावून विचारलं, आणि उद्या सकाळी सोलायला लसूण पलंगावर आणून दे म्हणाली.

भांडत राहा, पण लिहीत राहा.

तुझी,
ताई