बाईंनी काहीच सांगितलं नाही

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

वाकून नमस्कार (पत्रात वाकायला कंबर आड येत नाही, म्हणून अगदी पूर्ण वाकून). तुमचे गुडघे कसे आहेत? फोनवर तुम्ही "बरे आहेत" म्हणता ते मी धरत नाही, कारण बोलता बोलता जिना चढताना तुम्ही किती वेळा थांबता ते मला इथे ऐकू येतं. तुम्ही पाठवलेल्या ताकदीच्या गोळ्या मिळाल्या. झोपेसाठी पाठवलेलं तेल मिळालं. मन शांत ठेवण्याविषयीची कात्रणं मिळाली, ती वाचून जरा चिडचिड झाली. जेवते वेळेवर. इकडे सगळं ठीक आहे आणि तुम्ही यायची मुळीच तसदी घेऊ नका, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून लगेच बॅग काढायला धावू नका.

आता मुद्द्याचं. त्या समुपदेशन करणाऱ्या बाईंकडे जा, काय सांगतात ते नीट ऐक आणि मला सविस्तर कळव, असा तुमचा हुकूम होता. त्याप्रमाणे गेले, नीट ऐकलं आणि सविस्तर कळवते, की बाईंनी काहीच सांगितलं नाही. (पत्र इथेच संपवता आलं असतं, पण मग तुम्ही म्हणाल, ही काहीतरी लपवतेय.)

जायची वेळ का आली ते तुम्हाला आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने फोनवर सांगितलंच आहे, पण तो माझ्याच हाताखाली गाडी शिकलेला, त्याने माझी अब्रू राखून अर्धंच सांगितलं असणार. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो, हे तुम्हाला माहीत आहे (एकदा तुम्ही पुढे बसून त्यावर भाजीची पिशवी ठेवली होती आणि गाडी का हलत नाही म्हणून मलाच विचारत होतात). इतकी वर्षं गरज पडल्याशिवाय मी तो कधी दाबला नाही. आमचे हे गेल्यापासून मात्र माझा पाय माझं ऐकेनासा झाला. समोर ना माणूस, ना जनावर, ना खड्डा, आणि गाडी मधेच गचकन उभी. शिकणारे बिचारे आपलंच काही चुकलं समजून माझी माफी मागायचे, आणि मीही, खोटं कशाला बोलू, सुरुवातीला ती घ्यायचे.

मग आला परीक्षेचा दिवस. परीक्षा एका दातांच्या डॉक्टरांची होती. गृहस्थ मोठे हुशार; चढावर गाडी थांबवली, उलटी घेतली, दोन गाड्यांच्या मधे सुबक लावली. मागच्या सीटवरचे परीक्षक साहेब खूश होऊन म्हणाले, झालं, आता ऑफिसकडे वळवा. डॉक्टरांनी गाडी वळवली आणि त्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर मी करकचून ब्रेक दाबला. साहेबांचा चष्मा पुढे माझ्या मांडीवर आला आणि चष्म्यामागोमाग साहेबही निम्मे आले. कोणी दाबला, असं त्यांनी ओरडून विचारलं, तर डॉक्टर इतके सभ्य, की म्हणाले माझाच पाय असेल. मी खरं काय ते सांगितलं. डॉक्टरांना पुन्हा परीक्षेला बोलावलं गेलं आणि मला मालकाकडे पाठवण्यात आलं (आता माझी दाढ दुखली तर मी कुठल्या तोंडाने त्यांच्याकडे जाणार?). मालकाने माझ्याकडून किल्ली मागून घेतली आणि खाली बघत म्हणाला, मॅडम, हे थांबलं नाही तर मला तुम्हाला गाडीवर ठेवता येणार नाही, तोवर ऑफिसात बसून रस्त्यावरच्या पाट्या शिकवा. वन्सं, गाडी कायमची हातातून गेली की मी दिवसभर घरी, आणि घरी आता आहे कोण?

तर अशी मी बाईंच्या दारात. दारावरच्या पाटीवर नाव आणि खाली 'व्यक्तिकेंद्री समुपदेशन'. आत छोटी खोली, दोन सारख्या खुर्च्या थोड्या तिरक्या ठेवलेल्या, मधे टेबल नाही. टेबल नसलं की माणसाने हात कुठे ठेवायचे? मी दाराजवळची खुर्ची पटकावली. ती बाईंची खुर्ची होती, हे मला पुढच्या खेपेला कळलं. पण त्या काही न बोलता दुसऱ्या खुर्चीत बसल्या होत्या. वयाने आपल्यापेक्षा लहान, साधा सुती कुडता, चेहरा असा की रस्ता विचारावासा वाटेल. त्यांनी आधी समजावून सांगितलं, की इथे बोललेलं बाहेर जाणार नाही, दर आठवड्याला हीच वेळ तुमची, कशावर बोलायचं ते तुम्ही ठरवायचं, आणि काय करावं हे मी सांगणार नाही, कारण तुमचं आयुष्य तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हे ऐकून मी मनात म्हटलं, झालं, फसले. मी त्यांना सरळ विचारलं, की पाय बरा झाल्याचा दाखला किती दिवसांत मिळेल. तसला दाखला त्या देत नाहीत. मग मी इथे का आले, असं विचारलं, तर म्हणाल्या, तेच मलाही समजून घ्यायचंय.

पहिले काही आठवडे मी त्यांच्याकडून सल्ला काढण्यासाठी जंग जंग पछाडलं. घर विकू का? केस रंगवू का? मुलाकडे जाऊन राहू का? दर वेळी त्या प्रश्नाच्या मागचं काहीतरी धरून माझ्याच हातात ठेवायच्या. मुलाकडे जाण्याविषयी बोलताना तुमचा आवाज बारीक होतो, असं म्हणाल्या. (होतो का हो? तुम्ही कधी बोलला नाहीत.) शेवटी माझं डोकं फिरलं. मी उभी राहून आवाज चढवला, की अहो, माझी नोकरी जायची वेळ आली आणि तुम्ही माना कसल्या डोलावताय? आता बाई एकतर रागावतील नाहीतर साखरेसारखं गोड बोलतील, अशी माझी अटकळ. त्या म्हणाल्या, तुम्ही ओरडलात तेव्हा मी दचकले. पण तुम्ही किती घाबरला आहात ते मला आत्ता पहिल्यांदा कळलं. वन्सं, मी खाली बसले. मी घाबरले आहे, हे तोवर कोणी मला म्हटलंच नव्हतं. सगळे मला खंबीर म्हणत होते, आणि लोक इतक्या प्रेमाने खंबीर म्हणतात की नाही म्हणायची सोय राहत नाही.

या विद्येचा मला इतका हुरूप आला, की ती मी ऑफिसात पाट्यांच्या वर्गावर वापरून पाहिली. लाल गोलात आडवी पांढरी पट्टी दाखवून एका आजोबांनी याचा अर्थ काय म्हणून विचारलं. मी खुर्ची थोडी तिरकी केली आणि मऊ आवाजात म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? आजोबांना वाटलं, इथे बाकडं आहे. शेजारच्या शिंपीणबाईंना वाटलं, पुढे रस्ता दुरुस्तीला काढलाय. वाद पेटला, हात वर करून मतं घेतली गेली आणि मोठ्या बहुमताने 'प्रवेश बंद'चा अर्थ 'क्षणभर विश्रांती' असा ठरला, तेव्हा मालक दारात उभा होता. बाईंना हे सांगितलं तर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि मग म्हणाल्या, पाट्यांना अर्थ एकच असतो, तो सांगून टाका.

त्याच दिवशी, हसून झाल्यावर, मी त्यांना ती दुपार सांगितली. कशी काय सांगितली, मलाही कळलं नाही. तुम्ही ह्यांच्याजवळ बसला होतात, ह्यांना जरा बरं वाटत होतं आणि ह्यांनीच मला क्लासला पिटाळलं. तू घरात असलीस की मला आजारी असल्यासारखं वाटतं, म्हणाले. गाडीवर एक अगदी नवखी मुलगी होती. परतताना ती घाबरत होती, तर मीच तिला म्हणत होते, सावकाश, आपल्याला काही घाई नाही. घरी पोहोचले तर तुम्ही दारात उभ्या. तुमच्याकडे बघितलं आणि कळलं. मी बाईंना म्हटलं, वन्सं होत्या तिथे, मी नव्हते. आता त्या म्हणणार, तुमचा काय दोष, त्यांना त्रास झाला नाही हेच खूप. हे मला सगळ्यांनी म्हणून झालंय आणि दर वेळी मी मान हलवून विषय संपवलाय. बाई एवढंच म्हणाल्या, तुम्ही तिथे नव्हतात. आणि थांबल्या. त्यांना ते पुसायची घाई नव्हती. मी तिथे जी रडायला बसले ती वेळ संपली तरी थांबेना. माझ्याबरोबर बसून राहण्याखेरीज त्यांनी काहीही केलं नाही.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, परतीचं सांगताना तुमचा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता. बस, एवढंच. अर्थ लावला नाही. पण घरी येईपर्यंत माझं मलाच उमगलं, की मी ब्रेक दाबते ते नेहमी परतीच्या वाटेवर. जाताना कधीच नाही. परीक्षेतसुद्धा साहेबांनी "ऑफिसकडे वळवा" म्हटल्यावरच दाबला होता. पोहोचायचंच नव्हतं हो मला. हे मी मालकाला सांगितलं. तो मागच्या सीटवर बसला, एक शिकणारा चालवायला, आणि परतताना मी मोठ्याने म्हणत राहिले, आता आपण परत चाललोय, आता मला भीती वाटतेय. पाय थरथरला, पण वर राहिला. सोमवारपासून किल्ली माझ्याकडे आहे. दुःख कमी झालंय म्हणाल, तर तसं काही नाही. फक्त त्याला आता माझ्या पायात लपून बसावं लागत नाही.

तेव्हा काळजी नसावी. बाईंचं कामच असं आहे, की त्या काही सांगत नाहीत आणि आपण बोलता बोलता स्वतःचंच ऐकायला लागतो. तब्येतीला जपा, जिना सावकाश चढा. भावोजींना नमस्कार.

तुमची, आता खंबीर नसलेली,
भावजय

ता. क. तुमचं तेल फार गुणकारी निघालं. गॅरेजच्या दाराची करकर थांबली.

दुसरा ता. क. वर 'यायची तसदी घेऊ नका' लिहिलंय, ते खोडलं असं समजा. या. मी स्टँडवर घ्यायला येते. गोळ्या आणि कात्रणं आणू नका.

तिसरा ता. क. पत्र लिहा असं बाईंनी सांगितलेलं नाही, हे माझं मीच ठरवलंय. वन्सं, त्या दुपारी तुम्ही ह्यांच्याजवळ होतात आणि मी तुम्हाला आजवर एका शब्दाने काही विचारलेलं नाही. मी तुम्हाला विचारायला भीत होते आणि तुम्ही मला सांगायला भीत होतात, म्हणून आपण दोघी वर्षभर गोळ्यांविषयी बोलत राहिलो. तुमचा धाकटा भाऊ तुमच्यासमोर गेला. तुम्ही कशा आहात, हे तुम्हालाही कोणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. तर या, बसा आणि मला ती दुपार पहिल्यापासून सांगा. ह्यांनी पाणी मागितलं का, काय बोलले, तुम्ही काय केलंत. मधे थांबावंसं वाटलं तर थांबा, मी बसून राहीन. ह्यांनी माझं नाव घेतलं असेल तर तसं सांगा. नसेल घेतलं, तर तेही सांगा. मला आता दोन्ही ऐकवेल.