बोलकी बाटली, मुकं गिऱ्हाईक

३ फेब्रुवारी, सकाळ
उद्योजकता आणि नवोपक्रम शिकणाऱ्या तमाम बंधुभगिनींनो, आपल्यावर अन्याय होतो आहे! आपल्याला जग बदलायला बोलावलं आणि आल्याबरोबर गप्प बसवलं. (रोजनिशी खासगीच आहे. पण सभेसारखी सुरुवात केली की हात चालतो.)

सरांचं फर्मान असं: आधी गिऱ्हाइकांच्या मुलाखती, मग वस्तू. विद्यार्थ्याने फक्त विचारायचं, बोलायचं गिऱ्हाइकाने. रेकॉर्डिंग जमा करायचं, मार्क त्यावरच. लोकांना विचारून कधी क्रांती झाली आहे का?

माझी वस्तू तयार आहे. प्रेरणा-बाटली. झाकण उघडलं की माझ्या आवाजात भाषण. तहान हे निमित्त, जागृती हे ध्येय.

बाबांचंही फर्मान आलं. या विषयात नापास झालो तर शिक्षण बंद, काकांच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं. मी हसलो.

५ फेब्रुवारी
टीममध्ये दोघंच. मी आणि एक वर्गमैत्रीण. तिचं नाव मी 'ब्रेक' ठेवलंय, कारण गाडी वेगात आली की ती लागते. आज तिने विचारलं, बाटलीतलं भाषण मध्येच बंद कसं करायचं? मी सांगितलं, भाषण बंद करायचं नसतं, ते संपतं. ती म्हणाली, तुझं कधी संपलंय?
दृष्टी नाही. तिला घडवावं लागेल.

१० फेब्रुवारी
पहिली मुलाखत, सलूनवाल्याची. अप्रतिम. माझ्या प्रत्येक मुद्द्याला तो "हं" म्हणाला. बोलण्याच्या भरात मान वळली आणि डाव्या कानावरचे केस मुळापासून गेले. विचारांसाठी लोकांनी डोकी दिली आहेत. मी केस दिले.

१७ फेब्रुवारी
शेजारच्या काकूंची मुलाखत. त्या एकदा म्हणाल्या, "अरे, माझं त्या झाकणाचं..." पण विषय भरकटत होता, मी लगेच सावरला. निघताना त्यांनी दार फार पटकन लावलं. घरी काम असणार.

२४ फेब्रुवारी
ग्रंथालयात प्रोटोटाइपची चाचणी. श्रोते उठून उभे राहिले. उठून बाहेर गेले, हा तपशील गौण आहे. नंतर मलाही बाहेर काढलं. बाटली आतच बोलत राहिली.

३ मार्च
सरांनी वर्गात माझं रेकॉर्डिंग लावलं. बराच वेळ ऐकून म्हणाले, "गिऱ्हाईक जिवंत होतं ना?" वर्ग हसला. मत्सर.

ब्रेकने टीम सोडली. काकूंचं ते अर्धं वाक्य तिने रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं आणि एकटीच त्यांच्याकडे जाऊन दुपारभर बसली. काकूंची बोटं आखडतात, झाकण फिरवता येत नाही, म्हणून त्या दिवसभर पाणीच कमी पितात म्हणे. आता ती एका हाताने उघडणारं झाकण बनवतेय. मी तिला बजावलं, झाकणाने जग बदलत नाही.
"जग राहू दे," ती म्हणाली. "काकूंना पाणी पिऊ दे."
वाक्य बरं होतं. भाषणात घेईन.

१० मार्च
सर दयाळू. एक शेवटची संधी. एक मुलाखत, माझा एकच प्रश्न, बाकी तोंड बंद. जमलं तर पास.
मौनाची थोरवी यावर भाषण लिहिलं. आईला ऐकवलं. ती मध्येच भाजी आणायला गेली. भाजी घरात होती.

१२ मार्च
गिऱ्हाईक म्हणून काकांनाच निवडलं. घरचा माणूस, सांभाळून घेईल. दुकानात एक नवरा-बायको न्हाणीघरासाठी टाइल्स निवडत होते. मी रेकॉर्डर लावला आणि विचारलं, धंद्यात तुम्हाला सध्या कसला त्रास आहे? आणि गप्प बसलो.

काका घाबरले. बरं नाही का, म्हणून विचारलं. पाणी दिलं. मी गप्प. मग काका हळूहळू खुलले. लोक मापं चुकीची आणतात, पेट्या वाहताना फुटतात. मी गप्पच. धन्य वाटत होतं.

मग ते खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "तू आज ऐकतोयस म्हणून सांगतो. त्रास एकच आहे. दादा तुला इथे बसवायचं म्हणतोय आणि मला त्याला नाही म्हणवत नाही. अरे, माणसं इथे टाइल घ्यायला येतात. तू बोलायला लागलास की ती दार शोधतात."

आणखी थोडा वेळ गप्प राहायचं होतं, एवढंच. पण आरोप खोटा असताना गप्प बसणं म्हणजे कबुली! मी टाइल्सच्या पेटीवर चढलो. शांतपणे, मुद्देसूद उत्तर दिलं. मुद्दे बरेच होते. पेटी फुटली. नवरा-बायको कधी गेले कळलं नाही. काकांनी फक्त दाराकडे बोट दाखवलं. ते कोणासाठी होतं, हे अजून स्पष्ट नाही.

२८ मार्च
निकाल. मी नापास. ब्रेक पहिली. काकूंनी सगळ्यांसमोर एका हाताने बाटली उघडली आणि त्या घटाघटा पाणी प्यायल्या. एक शब्दही न बोलता सभा जिंकली. तंत्र अभ्यासण्यासारखं आहे.

बाबा म्हणाले, सोमवारपासून दुकान. काका फोन उचलत नाहीत. त्यांची बायको, माझी सख्खी काकू, उचलते आणि म्हणते, ते अंघोळीला गेलेत. सकाळपासून.

तेव्हा काका, अन्याय आपल्या दोघांवरही झाला आहे. तुम्हाला नाही म्हणवत नाही, मला दुसरीकडे कुठे घेत नाहीत. मी मागे कोठीत बसेन. पेट्या मोजेन. गिऱ्हाईक आलं की तोंड उघडणार नाही, सुरुवातीचे दोन शब्द सोडून. बरं, तेही सोडले.

फक्त सोमवारी शटर वर कराल तेव्हा मला आत घ्या.