डावीकडून वाचलेली घोरपड

रावेर,
६ एप्रिल २०२५

तीर्थरूप आबांना,

पियुषचा वाकून नमस्कार. आजीलाही, पण तिला दोनदा. वि. वि.

तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून आपल्याला पत्रं लिहायची सवय लागली, ते एक बरंच झालं. मागे मी फोनवर 'मांगा काढतोय' म्हटलं, तर तुम्हाला 'वांगी काढतोय' ऐकू आलं आणि तुम्ही भरताला थोडी पाठव म्हणालात. तर आबा, मांगा म्हणजे जपानी पद्धतीची चित्रांची गोष्ट. मी आणि भूमिकाताई मिळून एक काढतोय. नाव 'राखेतलं गाव'. जग जळून गेलंय, तापी आटलीय, केळीबागांची राख झालीय, आणि एक बहीण-भाऊ कसंबसं जगायला धडपडताहेत. माणसं, घरं, विहीर मी काढतो. आकाशातला ड्रॅगन ताई काढते, कारण माझा ड्रॅगन म्हशीसारखा होतो.

झेरॉक्स पाठवतोय. शेवटचं पान अजून व्हायचंय. मास्तर म्हणून वाचा, आजोबा म्हणून नको. चांगलं वाटलं तर पप्पांना दोन शब्द लिहा. बारावी झाली, आता मला पुण्याला चित्रकलेच्या कॉलेजात जायचंय. पप्पा म्हणतात, मग बाग कोण बघणार? त्यांनी यातलं एकही पान अजून हातात घेतलेलं नाही. पण सासऱ्यांचा शब्द ते मोडत नाहीत, हे आईनेच मला सांगितलंय.

ड्रॅगनला मराठीत काय म्हणायचं तेही कळवा.

लोभ तुमचा आहेच, या वेळी जरा जास्त लागणार आहे.

तुमचा,
पियुष

---

शिंदखेडा,
१४ एप्रिल २०२५

चिरंजीव पियुषला आबांचे आशीर्वाद. भूमिकेला त्याहून मोठे, कारण घोरपड तिने काढली आहे.

घोरपड का म्हणतो ते सांगतो. तुझ्या आजीने चित्र डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाली, हाई त घोरपड शे, हिले पंख कथाईन उनात? पंख कुठून आले ते तू सांग, पण मराठी शब्दाचा प्रश्न सुटला. शब्दकोश उघडायचे माझे कष्ट वाचले.

आता गोष्ट. आधी वाटलं, हा पोरगा फारच काळं बघतो. पहिल्याच पानावर राख, कोरडी विहीर, आणि काठाशी दोन पोरं, नुसती हाडं उरलेली, मुलगी बसलेली आणि मुलगा आडवा पडलेला. पण पुढे काय बहार आणलीस! घोरपड येते आणि गावावरची आग स्वतःच्या तोंडात ओढून घेते. राखेतून घरं उभी राहतात. मेलेली माणसं उठून कामाला लागतात. विहिरीला पाणी चढतं, केळीला पानं फुटतात, आणि शेवटी दोघं दप्तर घेऊन शाळेत जातात. तिथे घंटा वाजत असते. बोलणं कुठे नाही, नुसतं धडाम आणि खर्रर्र, पण कळतं सगळं. पुस्तकाचं नाव मात्र अगदी शेवटच्या पानावर टाकलंस, ती जपानी रीत असेल. आणि पाटीवर 'सरकारी विहिर' लिहिलं आहेस. विहीर, बाळा. दीर्घ. जग जळालं तरी व्याकरण जळत नाही.

आजीला अक्षरओळख नाही, पण घोरपड ती चांगली ओळखते. रोज संध्याकाळी मला बसवते आणि पानं उलटत गोष्ट सांगायला लावते. जावईबापूंना आजच लिहितो आहे की मुलाच्या हातात कसब आहे, ते बागेत गाडू नका.

माया करायला आम्ही दोघं आहोत, तू चित्रं काढत राहा.

तुझा,
आबा

---

रावेर,
२५ एप्रिल २०२५

तीर्थरूप आबांना,

पियुषचा नमस्कार, हसू आवरून. वि. वि.

आबा, तुम्ही अख्खी गोष्ट उलटी वाचलीत! मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. मी पिना उजवीकडे मारल्या होत्या त्या उगाच नाही. तुमचं पत्र वाचून ताई हसता हसता खाटेवरून पडली. शाळा आधी आहे. मग घोरपड आग ओकते, गाव जळतं, माणसं मरतात, आणि विहिरीपाशी दोघंच उरतात. शेवटच्या पानावर भाऊ मरतो आणि बहीण एकटी पुढे चालू लागते. अशा गोष्टींत कुणीतरी आपलं माणूस मरावंच लागतं, नाहीतर जगणं किती अवघड आहे ते वाचणाऱ्याला कळत नाही. विहिरीपाशी पडलेला मुलगा मी काढून ठेवलाय आणि वरची जागा कोरी सोडलीय. पण त्याच्यावर आग ओकणारी घोरपड काढायला ताई तयार नाही. काल तिने माझी पेन्सिल खिडकीबाहेर फेकली. सध्या अबोला आहे.

इकडे ऊन सेहेचाळीसच्या वर चाललंय. केळीची पानं करपून लोंबताहेत. तुमचं पत्र आल्यावर पप्पा म्हणाले, कापणी उरकू दे, मग बघू. आई म्हणते, याचाच अर्थ हो. उन्हामुळे माणसं मिळत नाहीत, म्हणून ट्रक भरायला मीही जातो. पप्पा खूश राहिले पाहिजेत.

आजीला खरी गोष्ट सांगा. नाहीतर राहू द्या.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारा,
पियुष

---

रावेर,
८ जून २०२५

तीर्थरूप आबांना भूमिकाचा नमस्कार.

पियुषचं सगळं उरकून तुम्ही आणि आजी परत गेलात. पोहोचल्याचं तुमचं कार्ड मिळालं. तुम्ही इथे होतात तेव्हा नेमकं काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही. तुमच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं असतं, आणि ते आमच्यापैकी कुणाच्याने झालं नाही. म्हणून लिहिते.

त्या दिवशी सकाळी ट्रक उशिरा आला. घड कापून पडले होते, ते उन्हात ठेवून चालणार नव्हतं. पप्पा म्हणाले, एवढी गाडी भरून टाकू. दुपारी पियुष घरी आला आणि डोकं दुखतंय म्हणून आडवा झाला. लाईट नव्हती. आमचा अबोला होता, म्हणून मी पलीकडच्या खोलीत बसून होते. आईने हात लावला तर अंग तापलेल्या तव्यासारखं, आणि घामाचा थेंब नाही. जळगावला न्यायला गाडीत घातलं. मी ओली चादर धरून त्याच्याजवळ बसले. सावद्यापर्यंत तो काहीबाही बोलत होता, शाळेची घंटा झाली का असं सारखं विचारत होता. फैजपूरला गप्प झाला. पुढे मी चादर नुसतीच धरून होते.

पप्पा आता कुणाशी बोलत नाहीत. बागेत जातात आणि बांधावर बसून येतात. आई स्वयंपाक करते आणि चौथं ताट घेते, मग परत ठेवते.

ते पान माझ्या टेबलावर आहे. विहिरीपाशी पडलेला मुलगा आणि वर कोरी जागा. त्याने त्या मुलाला स्वतःचाच शर्ट घातलाय आबा, निळ्या चौकटीचा. तेव्हा मी नीट बघितलंच नव्हतं. मला ते पान घरात नको आहे, मला यातलं काहीच नको आहे. मी सगळी पानं तापीत सोडणार आहे. तुमच्याकडची झेरॉक्सही परत पाठवा. एक पान जरी कुठे राहिलं तरी मला झोप लागणार नाही.

आजीला सांभाळा, आणि माझ्यावर रागावू नका.

भूमिका

---

शिंदखेडा,
१७ जून २०२५

चिरंजीव भूमिकेला आबांचे जवळ घेऊन आशीर्वाद.

तू लिहिलंस ते बरं केलंस. मी ते दोनदा वाचलं आणि आजीला वाचून दाखवलं नाही. तिला एवढंच माहीत आहे की ऊन लागलं. पोरी, अबोला भावंडांचाच असतो. त्याच्या मनात तो नव्हता. मला पत्र लिहिताना तो हसत होता, ते पत्र माझ्याजवळ आहे.

पानं मी पाठवत नाही. रागावायचं असेल तर रागाव.

आम्ही परत आलो त्या दिवशी आजी जेवली नाही. संध्याकाळी मात्र म्हणाली, पोरेसनी वही काढा. मी काढली. डावीकडून सुरू केली, नेहमीसारखी. घोरपडीने आग ओढून घेतली, घरं उभी राहिली, माणसं उठली, आणि दोघं शाळेत गेली. मग आजी दोन घास जेवली. तेव्हापासून रोज हेच चाललं आहे.

खरी बाजू कोणती ते पियुषने मला लिहून कळवलं होतं. त्याप्रमाणे मी एकदा उजवीकडून वाचलं, तो गेल्यावर. पुन्हा वाचलं नाही. मी आयुष्यभर पोरांना नीट वाचायला शिकवलं आणि आता म्हातारपणी मुद्दाम चुकीचं वाचतो आहे. मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

पण काल आजी अडली. विचारते, हाऊ पोऱ्या पयले पडेल व्हता, मंग तो उठना कसा? मी पानं पुढेमागे उलटून बघितली, पण तो उठतो कसा ते दाखवणारं पान वहीत नाही. कारण ते पान तुझ्या टेबलावर आहे. तुमच्या बाजूने ते शेवटचं, पण आमच्या बाजूने पहिलं. ते नसेल तर आमची गोष्ट सुरूच होत नाही. तो तिथेच पडून राहतो.

पियुषच्या बाजूने घोरपड त्याच्यावर आग ओकते. आमच्या बाजूने ती त्याच्या अंगातली आग काढून घेते. चित्र एकच आहे. मी चित्रकार नाही, पण मला वाटतं रेघा त्याच लागतील. तुला जमलं तर काढ. नाही जमलं तर तसं कळव, मी आजीला काहीतरी सांगेन.

आमची माया तुझ्यापाशी आहे, ती नदीत सोडू नकोस.

तुझा,
आबा

---

रावेर,
२ जुलै २०२५

तीर्थरूप आबांना आणि आजीला भूमिकाचा नमस्कार.

सोबत पान आहे. या वेळी झेरॉक्स काढली नाही, मूळ पानच पाठवते आहे.

तुमचं पत्र आल्यावर मी खूप रागावले होते. गोष्ट उलटी वाचली म्हणून माणूस परत येत नाही, असं तुम्हाला लिहायलाही बसले होते. मग नुसतीच पान बघत राहिले. परवा घोरपड काढली. मान खाली वाकवलेली, जबडा उघडा, आणि तिच्या तोंडापासून त्याच्या छातीपर्यंत आग. काढताना हात थांबत होता आणि मी रडत होते, ते पानावर एका ठिकाणी दिसेल. तुम्ही म्हणालात ते खरं आहे. आग कुठून कुठे चालली आहे ते या चित्रात सांगता येत नाही. मी तर काढली आहे, तरी मला सांगता येत नाही.

मी मात्र ते उजवीकडूनच वाचते आबा. मला दुसरं येणार नाही. मी त्या गाडीत होते. पण पानं नदीत सोडणार नाही.

काल मी सगळी पानं जमिनीवर मांडली होती. पप्पा बागेतून आले आणि दारात उभे राहिले. मग खाली बसले आणि पहिल्यांदा त्यांनी एक पान हातात घेतलं. त्यांच्या बोटांना केळीचा चीक होता, पानाला डाग पडला, तो मी तसाच ठेवलाय. ते बराच वेळ त्या निळ्या चौकटीच्या शर्टाकडे बघत होते. इतक्या दिवसांत ते मला पहिल्यांदा काही बोलले. त्यांनी विचारलं, हे कुठल्या बाजूने वाचायचं?

मी त्यांना डावीकडून सांगितलं.

पान मिळालं की आजी काय म्हणाली ते लिहा. तुमची माया इकडेही पुरवून वापरतो आहोत.

तुमची,
भूमिका