आप्पांचा ताठ दोर

सोम., ११ ऑगस्ट. हॉस्टेल, सोलापूर
फिजिक्सच्या चाचणीत वीसपैकी सात. दोराच्या गणितात भोपळा. साठ किलोची पेटी दोन तिरक्या दोरांना टांगलीय, प्रत्येक दोरातला ताण काढा. मी लिहिलं, तीस-तीस. आमच्या नातेपुत्याकडं कुणालाही विचारा, हेच सांगतील. दोघांनी धरलं की अर्धं अर्धं. मॅडम म्हणाल्या, "कोन कुठं गेला?" कोनाचा काय संबंध? डोकं फिरलं.

मंगळ., १२
सुटलं! मेसला गेलेच नाही. दोर तिरका असला की त्याच्या ओढीतला थोडाच भाग पेटी वर धरतो, बाकीचं बळ दोन दोर एकमेकांना ओढण्यात घालवतात, भावकीसारखं. आडव्यापासून तीस अंशाला प्रत्येकी साठ. दहाला पावणेदोनशेच्या आसपास. पाचला साडेतीनशेला टेकतं. पेटी तीच. आणि दोर पार आडवा केला तर उत्तरच येत नाही. तीनदा केलं. लई भारी वाटतंय. रूममेटला ओढून आणून वही दाखवली. ती म्हणे, "जेव आधी, बाई."

बुध., १३
दात घासताना एकदम आठवलं. विहिरीवरचा दोर.
दुसरीत होते मी. विहिरीतली मोटर वर काढायला दोन कडुलिंबांच्या मधे आप्पांनी, माझ्या वडिलांनी, दोर बांधला, त्याला कप्पी. मोटर निम्म्यावर आली आणि दोर तुटला. खाली पायरीवर तात्या, आप्पांचे थोरले भाऊ. पाय मोडला, अजून लंगडतात. वस्तीनं ठरवून टाकलं, आप्पांनी कुजका दोर बांधला. आप्पा एकदाच म्हणालेले, "नवा हुता. तारंवानी ताठ बांधला हुता." त्यानंतर मांडवाचा दोर बांधायलासुद्धा कुणी त्यांना बोलवत नाही. बांधला तरी दुसरा कुणी येऊन परत बांधतो, त्यांच्यादेखत.
तारेसारखा ताठ. म्हणजे पाच अंश, फार तर सहा. लगेच वहीत मांडलं, ताण मोटरीच्या वजनाच्या जवळजवळ पाचपट.

गुरु., १४
मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी गणित तपासलं. बरोबर. मग म्हणाल्या, "घरी काय सांगणार? दोर नवा होता हे, की ताणला तीच वडिलांची चूक हे?" हे डोक्यातच नव्हतं आलं. दोन्ही खरं.
तरी जाणार. लॅबमधला स्प्रिंगचा काटा मागितला, दिला.

रवि., १७. वस्तीवर
काटा लिंबाला अडकवला. त्याला दोर, मधे भरलेली कळशी, दहा किलोची, दुसरं टोक आप्पांच्या हातात. तात्या बाजेवर. ढिलं धरलं तर काटा आठवर. म्हटलं, आता ओढा. आप्पा ओढतायत, कळशी वर चाललीय, काटा बारा, सोळा, वीस. आई पिठाच्या हातानं बाहेर आली.
"पार सरळ कर की," तात्या म्हणाले.
आप्पांनी पाय रोवले, मान लालबुंद, मधला झोल काही जाईना. मी नाचायचीच बाकी होते. म्हटलं, दोर नवाच होता तात्या, ताठ होता म्हणून तुटला. ढिला असता तर टिकला असता. बोलून गेले आणि मग आप्पांच्या तोंडाकडं बघायची भीती वाटली.
तात्या काट्याकडंच बघत होते. "ताठ बांध म्हून मीच सांगितलं हुतं," म्हणाले. "ह्यो ढिलाच बांधत हुता. वरडलो मी त्याच्यावर."
आईनं आप्पांकडं बघितलं. आप्पांनी कळशी खाली ठेवली. "व्हय," एवढंच, आणि मेंढरं सोडायला गेले. नऊ वर्षं माहीत होतं त्यांना, आईलासुद्धा सांगितलं नाही. मला इतका राग आलाय, आणि इतकं बरं वाटतंय, की कुणाचा राग तेच कळेना.
तात्या अजून बाजेवर बसलेत. मघाशी विचारलं, "सगळ्या वस्तीम्होरं परत करून दावशील का? म्या बोलतो मग."
दोर ओढायला आप्पा लागतील. ते अजून आलेले नाहीत.