नऊ खुंट्या आणि एक बाद निरोगी माणूस

ती. दादा,

भिंग डोळ्यावरून उतरवून, टेबल आवरून, दोन्ही हात मोकळे करून केलेला नमस्कार स्वीकारावा. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? वहिनींचा खोकला गेला का? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे ही ठीक आहे आणि मी कालपासून तोंड लपवून आहे. दर रविवारी तुमचा फोन येतो, माझ्याकडे तुम्ही आपल्या बहिणीची बारीकसारीक चौकशी करता, आणि हिला फोन देऊ का विचारलं की म्हणता, नको, झोपली असेल (तेव्हा सकाळचे अकरा वाजलेले असतात). असो. ही हकिगत फोनवर सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र.

हिच्या मल्टिपल स्क्लेरोसिसचं तुम्हाला ठाऊकच आहे. मेंदूतल्या तारांवरचं आवरण जागोजागी झिजतं आणि हातापायांना निरोप उशिरा पोचतात. हिच्या बाबतीत मुख्य अडचण उजव्या हाताची. ही व्यायामाला जाते त्या इस्पितळात एका संशोधक बाईंनी अभ्यास काढला आहे. अशा लोकांनी हाताचा व्यायाम करताना त्यांच्या मेंदूत नेमकं काय चालतं, ते पाहायचं. सहा आठवडे रोज व्यायाम, आणि सुरुवातीला एकदा व शेवटी एकदा डोक्यावर तारांची टोपी घालून मोजणी. अट एवढीच की प्रत्येकाने आपल्या वयाचा एक निरोगी माणूस तुलनेसाठी आणायचा. त्याने फक्त दोन मोजण्यांना यायचं. पण जोडी जमली नाही तर दोघांचीही नावं गळतात. हिला या सहा आठवड्यांची फार आस लागली आहे. तिला पुन्हा उजव्या हाताने फळ्यावर वर्तुळ काढायचं आहे. डाव्या हाताने काढलेलं वर्तुळ बटाट्यासारखं येतं आणि त्याला वर्गातलं एकही पोर हसत नाही, हे आमच्या या गणित शिकवणाऱ्या बाईला सहन होत नाही.

तर निरोगी म्हणून माझी निवड झाली. (दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला मी हे सांगितलं. एकजण घड्याळ न घेताच गेला.) काम असं की पाटीवर नऊ भोकं, बाजूला नऊ खुंट्या, एकेक उचलून बसवायची आणि परत काढायची. तीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला यात काय अवघड? तरीही चारचौघांत फजिती नको म्हणून मी घरी फळीला नऊ भोकं पाडली, पितळी सळईच्या नऊ खुंट्या कापल्या आणि आठ दिवस जेवणाच्या टेबलावर तालीम केली. ही समोर वह्या तपासत बसलेली असे. मधूनच म्हणे, अंगठा जरा आत घ्या, वेळ वाचेल. नवऱ्याला अशी साथ देणारी बायको मिळायला नशीब लागतं, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं.

काल सकाळी गेलो. खोली लहान, पडदे ओढलेले, एक टेबल, एक खुर्ची आणि काचेपलीकडे आम्हा मंडळींना बसायला बाक. आधी हिची पाळी. टोपी चढवायला पाऊण तास लागला, कारण प्रत्येक तारेखाली केस बाजूला करून चिकट मलम भरावं लागतं. मग बाईंनी बजावलं की बोलायचं नाही, दात आवळायचे नाहीत, डोळे कमीत कमी मिचकावायचे, नाहीतर मेंदूच्या रेघांत त्या हालचालींच्याही रेघा मिसळतात. हिने मान डोलावली नाही (मान हलवायलाही बंदी होती), नुसतं बोट उचललं.

दादा, चार वर्षं मी हा हात रोज बघतो आहे. कपापर्यंत पोचताना तो थांबतो, कापतो, पुन्हा निघतो. मला वाटायचं, आत काहीतरी बंद पडलं आहे. काल पहिल्यांदा बाईंच्या संगणकाच्या पडद्यावर टोपीच्या एकेका तारेची रेघ पाहिली. ही एका खुंटीकडे हात नेत होती आणि बत्तीसच्या बत्तीस रेघा भराभर हलत होत्या. पाचवी खुंटी खाली पडली. मी बाकावरून उठलो, तर हिचा व्यायाम घेणाऱ्या फिजिओने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बसवलं. हिने वाकून ती स्वतः उचलली, पुसली आणि बसवली. अठ्ठावन्न सेकंद. बाईंनी नंतर समजावलं की नुसत्या रेघा बघून लगेच काही सांगता येत नाही, पण अशा बऱ्याच लोकांत त्याच कामासाठी मेंदूचे जास्त भाग राबताना दिसतात. नेहमीची वाट खराब झाली की तो दुसऱ्या वाटा धुंडाळतो, आणि व्यायामाने त्यात काय फरक पडतो ते त्यांना शोधायचं आहे. मी घड्याळजी आहे. बंद पडलं की चाक बदलायचं, एवढंच मला येतं. चाक न बदलता उरलेल्या चाकांवर वेळ दाखवणारं यंत्र मी आजवर पाहिलं नव्हतं, आणि गेली वीस वर्षं ते माझ्याच घरात राहतं आहे. मला हिचा फार अभिमान वाटला. तसं मी तिला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो आहे.

मग मी. टोपी पाच मिनिटांत बसली, आणि आयुष्यात प्रथमच कुणीतरी माझ्या टकलाचं मनापासून कौतुक केलं. पुढे मात्र घोटाळा झाला. बारीक काम हातात घेतलं की माझा उजवा डोळा आपोआप बारीक होतो, भिंग धरल्यासारखा. खुंटी उचलली की डोळा बारीक, डोळा बारीक की रेघा छतापर्यंत. तीनदा थांबवलं. चौथ्यांदा डोळा कसाबसा आवरला आणि नऊच्या नऊ खुंट्या चौदा सेकंदांत बसवून काढल्या. बाई पडद्याकडे बघतच राहिल्या. पहिल्या खेपेला इतक्या लवकर कुणी करत नाही, म्हणाल्या. मी छाती फुगवून सांगितलं की आठ दिवस घरी तालीम केली आहे, फळीसुद्धा स्वतः बनवली आहे.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. दादा, पहिल्या मोजणीचा सगळा मुद्दाच हा की हात न सरावलेलं काम मेंदू कसं करतो. तालीम करून आलेला मेंदू त्यांच्या काय कामाचा? संमतीच्या कागदांत सातव्या पानाच्या तळाशी, घरी सराव करू नये, असं स्वच्छ लिहिलं होतं. मी पहिलं पान वाचून सही ठोकली होती. अशा रीतीने तुमचा मेहुणा निरोगी म्हणून बाद झाला.

परत येताना मला हिच्याकडे बघवेना. माझ्या शहाणपणापायी हिचे सहा आठवडे जाणार. ही मात्र वाटेतल्या दुकानांच्या पाट्या वाचत होती. घरी आल्यावर स्वतः चहा केला आणि माझ्या डोक्यावरचं मलम ओल्या फडक्याने पुसून दिलं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
बाद मेहुणा

ता. क. खरं काम आता लिहितो. दहा दिवसांत दुसरा निरोगी माणूस आणला तर हिचं नाव राहील. वय जवळचं हवं, तुम्ही हिच्याहून दोनच वर्षांनी मोठे. एका रात्रीचा प्रवास आहे. तुम्ही चार वर्षं का आला नाहीत ते मला कळतं, तिला तसं पाहवणार नाही तुम्हाला. मी यातलं हिला काहीही सांगितलेलं नाही.

ता. क. दुसरा. दादा, मीच लिहितेय. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं तर मी वाचणारच, हे यांना वीस वर्षांत कळलेलं नाही. सातवं पान मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं. यांना तालीम करू दिली, कारण मला ती जागा तुझ्यासाठी रिकामी हवी होती. बदली माणूस चालतो का आणि त्याला दोनदा यावं लागतं का, तेही बाईंना आधीच विचारून ठेवलं होतं. यांना बिचाऱ्यांना यातलं काही ठाऊक नाही, सांगू नकोस. तू ये. मला बघून तुला रडू येईल म्हणून तू येत नाहीस, माहितेय मला. येऊ दे रडू. मी तुला रुमाल देईन, उजव्या हाताने. थोडा वेळ लागेल, तेवढा थांब.